स्टेअरिंगला प्ले आलाय

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की डिचोली-साखळीपासून पेडणे-म्हापशापर्यंतच्या गॅरेजांत पिकअपची गर्दी वाढते. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, मूर्ती, मंडपाचे खांब, बेळगावची भाजी, सगळं याच गाड्यांवर चालतं. जून-जुलैच्या पावसाने तोवर पुढच्या चाकांचं जे काही करायचं ते करून ठेवलेलं असतं. तक्रारी ठरलेल्या. गाडी डावीकडे ओढते. साठच्या वर गेली की स्टेअरिंग हातात थरथरतं. गतिरोधकावरून उतरताना खालून खट् असा आवाज येतो. आणि हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे स्टेअरिंगला प्ले आलाय. स्टेअरिंग थोडं इकडेतिकडे फिरवलं तरी टायरला त्याची खबरच लागत नाही.

मेकॅनिक गाडीखाली जातो, टाय रॉडचा एक एंड हलवून दाखवतो, तो बदलतो. पात्रांव, म्हणजे मालक, पैसे देतो, गाडी जाते. महिन्या-दोन महिन्यांत तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. दर वेळी यात फसवाफसवी असते असं नाही. झिजलेला भाग खरोखरच बदललेला असतो. तो का झिजला हे मात्र कोणी पाहिलेलं नसतं. आपल्याकडच्या रस्त्यांवर त्याचं उत्तर बहुतेक वेळा लोखंडावर बसवलेल्या एका छोट्याशा रबरी बुटात सापडतं. त्या बुटाची किंमत गाडीतल्या बहुतेक भागांपेक्षा कमी असते, म्हणूनच बहुधा त्याच्याकडे कोणी बघत नाही.

स्टेअरिंगपासून टायरपर्यंतची वाट लांब आहे. हातातलं चाक एक दांडा फिरवतं, तो दांडा स्टेअरिंग बॉक्समध्ये उतरतो. बॉक्समधले दाते फेऱ्या घेतात आणि ताकद देतात. माल वाहणाऱ्या गाडीत वरचं चाक वीसेक अंश फिरतं तेव्हा खाली टायर जेमतेम एक अंश वळतो. बॉक्समधून बाहेर आलेला ड्रॉप आर्म मागेपुढे झुलतो. त्याला जोडलेली ड्रॅग लिंक पुढच्या एका चाकाला ढकलते किंवा ओढते, आणि त्या चाकापासून पलीकडच्या चाकापर्यंत गेलेला आडवा टाय रॉड दुसऱ्या चाकालाही सोबत वळवतो. दोन्ही चाकं अगदी सारखी वळून चालत नाही. वळणावर आतल्या चाकाला लहान वर्तुळ कापायचं असतं, म्हणून त्याने जास्त वळायला हवं. ही युक्ती घोडागाडीच्या काळातली आहे. म्युनिकमध्ये गाड्या बनवणाऱ्या जॉर्ज लँकेन्स्पर्गरला ती सुचली. १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये त्याच्या वतीने पेटंट घेतलं रुडॉल्फ आकरमान या लंडनच्या प्रकाशकाने. आज जगभर ही भूमिती आकरमानच्या नावाने ओळखली जाते. कागद ज्याच्या नावावर त्याची मालमत्ता, हा न्याय जमिनीपुरताच नसावा.

या साखळीत जिथे दोन दांडे भेटतात तिथे सांधा लागतो, कारण चाक वळतंही आणि खड्ड्यात वरखालीही होतं. हा सांधा माणसाच्या खुब्यासारखा असतो. पोलादी गोळा, त्याला धरून ठेवणारी वाटी, मध्ये ग्रीस आणि वरून रबराचा बूट. गोळा आणि वाटी यांच्यात केसाएवढी फट पडली तर ती एकटी हाताला जाणवणार नाही. पण ड्रॅग लिंकची दोन टोकं, टाय रॉडची दोन, दोन्ही बाजूंचे किंग पिन (चाक ज्यांवर वळतं त्या उभ्या खिळा), हबचे बेअरिंग आणि बॉक्सचे दाते अशा सगळ्यांची थोडी थोडी ढिलाई स्टेअरिंगपर्यंत येताना एकत्र होते. म्हणून सगळ्यांत ढिला एंड बदलला की चार दिवस बरं वाटतं. बाकीचे सहा-सात सांधे होते तसेच असतात, आणि त्यांचे हादरे आता नव्या एंडवर येतात.

पिकअप म्हटली तरी सगळ्यांचा पुढचा भाग सारखा नसतो. टाटांचा एस, म्हणजे गिरीश वाघ यांच्या चमूने पुण्यात घडवलेला आणि २००५ मध्ये बाजारात आलेला ‘छोटा हत्ती’, याला पुढेही अखंड ॲक्सल आणि पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, आहेत. माल वाहण्यासाठीच बनवलेल्या बऱ्याच गाड्यांची रचना अशीच असते. अखंड ॲक्सल ओझं मुकाट्याने सोसतो, दुरुस्तीला सोपा असतो. पण एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही धक्का देतो. इसुझू डी-मॅक्ससारख्या गाड्यांत पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र असतं. वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग आणि आर्मच्या टोकांना बॉल जॉइंट. प्रवास आरामाचा होतो, सांधे मात्र वाढतात. जितके सांधे तितके रबरी बूट, आणि जितके बूट तितक्या फाटण्याच्या जागा.

पेडणे आणि डिचोलीत हे बूट फाटायला कारणांचा तोटा नाही. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसात खड्ड्यातलं पाणी जे उडतं ते नुसतं पाणी नसतं, त्यात जांभ्याची लाल माती कालवलेली असते. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी भरलेला दगड. सोनार दागिन्याला चकाकी आणायला जी लाल भुकटी वापरतात, तीही लोहाचा ऑक्साइडच. दागिना चकाकतो तो अतिशय बारीक झीज होऊनच. त्याच जातीची भुकटी, वर वाळूचे खडे मिसळून, फाटलेल्या बुटातून ग्रीसमध्ये गेली की स्टेअरिंगच्या प्रत्येक वळणाबरोबर गोळा आणि वाटी घासली जातात. सांध्याला वंगण देणारं ग्रीसच मग त्याला पोखरू लागतं. पावसाने उसंत घेतली की गोळ्यावर गंज चढतो, तो खरखरीत पृष्ठभाग वाटीला ओरखडतो, आणि चवथीपर्यंत सांधा खडखडू लागतो.

डिचोलीच्या गॅरेजांना ही लाल भुकटी नवीन नाही. शिरगाव, मये, पाळी, वेळगे, आमोणे या भागाने अनेक वर्षं खनिजाचे ट्रक पाहिले आहेत. इथल्या किती तरी मेकॅनिकांचा हात टिपरचे किंग पिन उपटता उपटता घडला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ती २०१४ मध्ये उठली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यावर धंदा पुन्हा ठप्प झाला. अंगणात उभे राहिलेले टिपर गंजले, काही भंगारात गेले. गॅरेजवाल्यांना मात्र बसून चालणार नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. मधल्या काळात पिकअपचं काम वाढलं, आणि टिपरवर शिकलेलं कौशल्य लहान गाडीला कामी आलं. पाटे, किंग पिन आणि हब यांच्या बाबतीत डिचोलीच्या जुन्या मेकॅनिकचं मत मी शोरूमच्या संगणकापेक्षा आधी ऐकेन.

पेडण्याची तऱ्हा थोडी वेगळी. मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणं सुरू झाली. पत्रादेवी, मालपे, धारगळ, कोलवाळ हा महामार्ग रुंद झाला. पण मोरजी, मांद्रे, हरमलच्या हॉटेलांना माल पोचवणारी गाडी महामार्ग सोडून आत शिरतेच. तिथे समुद्राची खारी हवा आहे. केरीहून तेरेखोलला जाणारी गाडी फेरीच्या ओल्या उतारावरून चढते, तेव्हा खारं पाणी थेट खालच्या बोल्टांवर येतं. मिठाने गोळा झिजण्याआधी नट आणि स्प्लिट पिन गंजतात. मग साधा एंड काढायला गेलं तर आटेच निघून येतात आणि अर्ध्या तासाचं काम अर्ध्या दिवसाचं होतं.

डाव्या बाजूचे भाग आधी जातात, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. आपण डावीकडून चालतो, अस्नोडा-दोडामार्गच्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की डावं चाक डांबर सोडून खाली उतरतं आणि कडेच्या उंचवट्यावरून पुन्हा वर चढतं. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली होती. त्याच्या ताब्यातला गोवा मात्र शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानाबरोबर डावीकडेच राहिला. नाहीतर मुक्तीनंतर आपले ड्रायव्हर काही वर्षं भलत्याच गोंधळात पडले असते.

ओझ्याचीही एक गंमत आहे. बोलेरो पिकअपच्या नावातला १.७ टी हा आकडा म्हणजे १७०० किलो माल. जांभ्याचा एक चिरा आकाराप्रमाणे तीस-पस्तीस किलोंचा धरला, तर पन्नासेक चिऱ्यांत गाडी भरली. रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांतले चिरे तुम्हीच मोजा. लोकांना वाटतं ओझं मागे आहे, त्रास मागच्या पाट्यांना होईल. मागे गाडी बसली की पुढचं नाक वर येतं, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, ॲक्सलचा कल बदलतो आणि स्टेअरिंग हलकं, भरकटल्यासारखं लागतं. तीच गाडी चोर्ला घाटात उतारावर ब्रेक दाबते तेव्हा सगळा भार पुढे येऊन किंग पिन आणि पाट्यांवर आदळतो. या आलटून-पालटून बसणाऱ्या धक्क्यांचा सांध्यांना सततच्या ओझ्याहून जास्त त्रास होतो.

आता तपासणी. पहिली चाचणी जॅक न लावता, चाकं जमिनीवर ठेवून करायची. एकाने आत बसून स्टेअरिंग थोडं थोडं, झटपट डावीउजवीकडे हलवायचं. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन सुरू ठेवून. दुसऱ्याने बाजूला आडवं होऊन एकेका सांध्यावर हात ठेवायचा, डोळ्याने बघण्यापेक्षा हाताने. दोन दांडे एकाच क्षणी हलत असतील तर सांधा ठीक. एक हलल्यावर क्षणभराने दुसरा हलत असेल, किंवा बोटाला टक् असं जाणवत असेल, तर तो गेला. ड्रॉप आर्मपासून सुरू करून चाकापर्यंत जायचं, सगळे सांधे पाहायचे, पहिला ढिला सापडला म्हणून थांबायचं नाही. घाई असते, बाहेर दुसरं गिऱ्हाईक उभं असतं आणि तपासणी पहिल्या ढिल्या एंडपाशी संपते. बहुतेक चुका इथेच होतात.

मग जॅक. मागच्या चाकांना दगड लावून पुढचं एक चाक उचलायचं. आपल्या मऊ लाल मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी हवी, आणि जॅकवर उभी असलेली गाडी कधीच सुरक्षित मानायची नाही. खाली पक्का स्टँड दिल्याशिवाय डोकं आत घालू नये. आता चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट ढिला असेल किंवा हबचं बेअरिंग. कोणतं ते ओळखायची सोपी रीत म्हणजे आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेकने चाक आणि स्टब ॲक्सल, म्हणजे चाक धरणारा भाग, एकमेकांना जखडले जातात. खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा, तशीच राहिली तर किंग पिनचा किंवा बॉल जॉइंटचा. मग चाक डावीउजवीकडे धरून हलवा. तिथली ढिलाई टाय रॉडची. स्वतंत्र चाकांच्या गाडीत, स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर जॅक त्या आर्मखालीच लावावा लागतो. चासीखाली लावला तर स्प्रिंगच्या दाबाने सांधा घट्ट भासतो, आणि गेलेला बॉल जॉइंट चांगला म्हणून पास होतो.

टायरही बरंच बोलतात. टायरवरून हात एका बाजूने फिरवताना गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखा लागला, तर टो बिघडला आहे. म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं समोर नीट नाहीत. फक्त आतली किंवा बाहेरची कड खाल्ली गेली असेल तर चाक कललं आहे. जागोजागी खोलगट चट्टे असतील तर शॉकॲब्सॉर्बर पाहा. हे सगळं बघायला कुठलंही यंत्र लागत नाही.

टाय रॉडचा एंड बदलणं हे यातलं सर्वांत सोपं काम, आणि म्हणूनच सर्वांत निष्काळजीपणाने होणारं. सोडवण्याआधी एका एंडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची लांबी मोजून लिहून ठेवायची. नवा एंड तेवढ्याच लांबीवर आला की गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाईल. रॉडच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे असतात. त्यामुळे मधली नळी फिरवली की लांबी कमी-जास्त होते आणि टो जुळवता येतो. एंडचा निमुळता दांडा आर्मच्या भोकात घट्ट रुतलेला असतो. तो काढायला पुलर वापरावा, किंवा आर्मच्या डोळ्याला दोन बाजूंनी दोन हातोड्यांचे एकाच वेळी ठोके द्यावेत, भोकाचा आकार क्षणभर बदलतो आणि दांडा सुटतो. दोन टोकांचा काटा घुसवून काढण्याची पद्धत झटपट आहे, पण काटा बूट फाडतो. एंड फेकायचाच असेल तर ठीक. शेजारचा चांगला सांधा सोडवायला तोच काटा वापरला, तर आजच्या दुरुस्तीतून पुढची दुरुस्ती जन्माला येते.

बसवताना भोक आणि दांडा कोरडे, स्वच्छ पुसून घ्यायचे. कॅसल नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक खाचेशी जुळलं नाही, तर नट आणखी थोडा पुढे आवळायचा. जुळवण्यासाठी मागे सैल करायचा नाही. स्प्लिट पिन नवी. जुनी सरळ करून पुन्हा वाकवलेली पिन मी बऱ्याच गाड्यांत पाहिली आहे, खिळा वाकवून घातलेलाही पाहिला आहे. त्या नटावर गाडीचं वळणं अवलंबून असतं, आणि तिथे दोन-चार रुपयांची काटकसर चालते.

किंग पिनचं काम मात्र खरं कसब मागतं. किंग पिन म्हणजे अखंड ॲक्सलच्या टोकाला उभी बसवलेली पोलादी खीळ. तिच्याभोवती स्टब ॲक्सल वळतो. वर एक बुश, खाली एक बुश, ओझं पेलायला मध्ये थ्रस्ट बेअरिंग आणि पिन जागेवर राहावी म्हणून बाजूने ठोकलेली एक लॉक पिन. वर्षानुवर्षं ग्रीस न मिळालेली किंग पिन ॲक्सलच्या डोळ्यात अशी धरते की ती काढायला हायड्रॉलिक प्रेस लागते. काही ठिकाणी गॅसची ज्योत लावून डोळा लाल करतात. हा उपाय मला मान्य नाही. ॲक्सल हा घडवलेल्या पोलादाचा, ठरावीक उष्णतेच्या संस्कारातून गेलेला भाग असतो. पुण्याच्या मुंढव्यातल्या भारत फोर्जसारखे कारखाने असले ॲक्सल हजारो टन ताकदीच्या प्रेसखाली घडवतात. ते करताना पोलादाला दिलेली ताकद ज्योतीखाली उतरते, आणि वरून काही दिसत नाही. डोळाच झिजून मोठा झाला असेल तर त्यात वेल्डिंग भरणं त्याहून वाईट. तिथे ॲक्सल बदलणं किंवा चांगल्या टर्नरकडून अचूक मापाची बाही बसवणं, एवढेच मार्ग.

नवे बुश बसवताना दोन गोष्टी चुकतात. पहिली, बुशमधलं ग्रीसचं भोक निप्पलच्या भोकाशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर ग्रीसगन कितीही दाबा, ग्रीस आत जाणारच नाही आणि नवी किंग पिन पहिल्या पावसात कोरडी पडेल. दुसरी, वरचा आणि खालचा बुश एका सरळ रेषेत रीम करावा लागतो, लांब रीमर दोन्हींतून एकदम घालून. एकेक वेगळा रीम केला की पिन किंचित तिरकी बसते, स्टेअरिंग जड होतं आणि वळणानंतर सरळ यायला कुरकुरतं. नीट केलेलं काम असं ओळखायचं की पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकते, हलवली तर हलत नाही. उभ्या दिशेची फट शिम घालून काढतात. ग्रीस मारताना ॲक्सल उचलून चाकं हवेत ठेवली तर ते ओझ्याच्या बाजूलाही पोचतं. चाकांवर गाडी उभी असताना ते सोप्या बाजूनेच बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं भरलं.

किंग पिन एका बाजूची बदलून दुसरी ठेवू नये. शॉकॲब्सॉर्बरही जोडीनेच बदलावेत.

पाट्यांचं दुखणं बहुतेक वेळा पाट्यांत नसतं, त्यांच्या टोकांच्या बुशात आणि शॅकलमध्ये असतं. बुश गेले की ॲक्सल आडवा सरकतो आणि ती ढिलाई स्टेअरिंगची वाटते. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. आधी गाडी चाकांवर उतरवावी, दोनदा दाबून बसू द्यावी, मग आवळावेत. नाहीतर रबर पिळलेल्या स्थितीतच कायम राहतं आणि वर्षभरात फाटतं. पाटे उघडलेच असतील तर सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच घालावेत. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल एका बाजूला मागे सरकतो, आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालताना मागून येणाऱ्यालाही दिसते. पुढे एक जादा पाटा टाकून देण्याची शिफारस ऐकाल. त्याने पुढचं नाक ताठ होतं, खड्ड्याचा धक्का पाट्याने न घेता किंग पिनवर येतो, आणि पैसे दोनदा जातात.

स्वतंत्र चाकांच्या गाडीतली कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार उघडणं घरच्या अंगणातलं काम नव्हे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद साठलेली असते. ते अवजारं असलेल्या गॅरेजकडेच द्यावं.

सगळे भाग बदलले की अलाइनमेंट. अखंड ॲक्सलच्या गाडीत बहुधा फक्त टो जुळवता येतो, तेही नवे भाग बसल्यावरच. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट दुकानाच्या दारापर्यंतही टिकत नाही. तरी बरेच जण आधी अलाइनमेंट करतात, गाडी ओढायची थांबली नाही की मग भाग बदलतात आणि दुसऱ्यांदा अलाइनमेंटचे पैसे भरतात. यू-बोल्ट आणि नट काही दिवस माल वाहिल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्यावे लागतात, कारण नवे पाटे, गादी आणि बुश बसतात तसा ताण उतरतो. या दुसऱ्या फेरीला गिऱ्हाईक सहसा येत नाही.

कायद्यानेही या विषयात बरंच बारीक पाहिलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ फक्त स्टेअरिंगवर आहे. स्टेअरिंगची रिकामी फिरकी ३० अंशांपेक्षा जास्त असू नये, स्टेअरिंगच्या जोडण्यांतले सगळे बॉल जॉइंट रबरी टोप्यांनी झाकलेले असावेत, आणि बोल्ट किंवा पिन जिथे असतील तिथे त्या पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात, असं तो सांगतो. रबरी टोपी आणि स्प्लिट पिन या दोन सर्वांत स्वस्त गोष्टींची नोंद नियमात आहे, यावरून तो लिहिणाऱ्याने गाडीखाली डोकावून पाहिलं असावं. ३० अंशांचा आकडा मात्र मला फार उदार वाटतो. साधारण ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर ३० अंश म्हणजे जवळजवळ १० सेंटिमीटर. मालपेच्या वळणावर समोरून ट्रक येत असताना हात दहा सेंटिमीटर हलेपर्यंत टायर ढिम्म, ही गाडी कागदावर पास असली तरी मी चालवणार नाही. पॉवर स्टेअरिंगमुळे ढिलाई ओळखणंही अवघड झालं आहे. हाताला जोर लागत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. शिवाय गाडी उभी असताना सहज टायर फिरवता येतात, आणि तसे फिरवले की सगळा ताण याच सांध्यांवर येतो.

माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. डिचोलीच्या जीए-०४ आणि पेडण्याच्या जीए-११ नंबरच्या कितीतरी पिकअप त्या वयाच्या पुढे गेलेल्या आहेत. फिटनेसच्या आदल्या दिवशी केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा रंग आणि दिव्यांपुरतीच असते. त्याऐवजी मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, एक सकाळ गाडीला द्या. प्रत्येक बूट बोटाने दाबून बघा, चिरलेला असेल आणि सांधा अजून घट्ट असेल तर नुसता बूट बदला. ज्या सांध्यांना निप्पल आहे तिथे जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत ग्रीस मारून घ्या. किंग पिनला चाकं उचलून मारायला सांगा. चवथीनंतर, पाऊस ओसरला की तेच पुन्हा करा. आणि भाग बदलावाच लागला तर बिल देण्याआधी काढलेला जुना भाग मागून घ्या, त्याचा बूट कुठे फाटला आहे ते मेकॅनिकसोबत पाहा, आणि तसाच दुसऱ्या बाजूचा फाटलाय का ते गाडी स्टँडवर असतानाच तपासून घ्या.